एकदम सगळे की थोडे थोडे? सॉफ्टवेअर घडविण्याच्या पद्धतींविषयी



गेल्या अंकात आम्ही दोन ओळींची एक सूचना दिली होती. शाळेची सध्याची संगणक प्रणाली मोडीत काढून नवी प्रणाली टप्प्याटप्प्याने करून घ्यावी असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे, एवढाच तिचा मजकूर होता. त्यावर पालकांकडून आणि दोन विश्वस्तांकडून जवळपास सारखीच विचारणा झाली. टप्प्याटप्प्याने म्हणजे काय? घर बांधायला काढले तर आपण स्वयंपाकघर यंदा आणि जिना पुढच्या वर्षी असे करतो का? आणि शेवटी काय काय मिळणार हे आधी ठरणार नसेल, तर मंडळाने मंजुरी द्यायची ती कशाला?

प्रश्न रास्त आहेत. त्यातच बारावीनंतर संगणक शाखेकडे जाऊ इच्छिणारी आमची मुले-मुली 'अ‍ॅजाइल', 'स्क्रम' असे शब्द कुठून कुठून ऐकून येतात आणि आम्हाला अर्थ विचारतात. म्हणून या अंकातील आमची पाने या एका विषयाला देत आहोत. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून, आणि तेही इतिहास विषय घेऊन झाले. 'स्प्रिंट' हा शब्द आम्हाला क्रीडादिनापुरता ठाऊक होता. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते वाचून, आणि या व्यवसायात असलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतलेले आहे.

आधी आमचीच हकीकत सांगतो. सध्याची प्रणाली करून घेताना आम्ही एका कंपनीला आमच्या गरजांचा चाळीस पानी मसुदा दिला होता. प्रवेश, शुल्क, हजेरी, अंकसूची, टी.सी., बस, ग्रंथालय, सगळे त्यात होते. दोन्ही पक्षांच्या सह्या झाल्या. नऊ महिने काही दिसले नाही, आणि मग एके दिवशी सगळे एकदम आले. पहिल्याच आठवड्यात एक पालक टी.सी. घेऊन परत आले. आडनाव 'काळे', छापून आले 'काले'. पाठोपाठ 'केळकर'चे 'केलकर' झाले. कारण असे निघाले की नावे इंग्रजी अक्षरांत भरायची आणि यंत्राने त्यांची देवनागरी आपोआप करायची, अशी सोय केलेली होती. इंग्रजीत 'ळ' कुठून येणार! मसुद्यात आम्ही 'नावे देवनागरीत छापावीत' एवढेच लिहिले होते, आणि ती देवनागरीत छापली जात होती. समग्र आयडीसाठी रकाना नव्हता. एकाच घरातील तिसऱ्या मुलाला शुल्कात जी सवलत आपण देतो, तिचा नियम आमच्या कार्यालयातील बाईंच्या डोक्यात होता, कागदावर कुठेच नव्हता. तो प्रणालीत कसा यावा?

कंपनीने सांगितले की हे सह्या झालेल्या मसुद्यात नाही, बदल हवा असल्यास वेगळे पैसे पडतील. कागदावर त्यांचे बरोबर होते. आज त्या प्रणालीतला शुल्काचा भाग तेवढा वापरात आहे. टी.सी. अजूनही स्कॉलर रजिस्टर उघडून हाताने तयार होते.

हे सारे आम्ही तक्रारीच्या सुरात आमच्या एका माजी विद्यार्थिनीला सांगत होतो. ती पुण्यात याच क्षेत्रात आहे. तिने शांतपणे विचारले, "सर, त्या नऊ महिन्यांत तुम्ही त्यांना किती वेळा भेटलात?" आम्ही दोनदा भेटलो होतो. एकदा सह्या करताना आणि एकदा पैशांचा दुसरा हप्ता देताना.

आता मूळ विषयाकडे वळू.

आम्ही जी रीत वापरली तिला या व्यवसायात 'वॉटरफॉल' म्हणजे धबधबा पद्धत म्हणतात. आधी सर्व गरजा लिहायच्या, मग सर्व आराखडा, मग सर्व लेखन, मग सर्व तपासणी. पाणी एका पायरीवरून खालच्या पायरीवर पडते, वर चढत नाही. गंमत अशी की या पद्धतीचे जनकत्व ज्यांना दिले जाते त्या विन्स्टन रॉइस यांनी १९७० सालच्या आपल्या निबंधात पायऱ्यांची आकृती काढली खरी, पण त्याच ठिकाणी असेही बजावले की तपासणी शेवटी ठेवणारी ही सरळ रीत धोक्याची आहे. 'वॉटरफॉल' हा शब्दही त्यांच्या निबंधात नाही. लोकांनी आकृती उचलली आणि खालचा मजकूर सोडून दिला. परीक्षेला गाइडमधल्या आकृत्या पाठ करून जाणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

या पद्धतीत सगळेच वाईट आहे असे मात्र नाही. पूल बांधायचा असेल, किंवा हृदयाच्या ठोक्यांचे नियमन करणारे यंत्र शरीरात बसवायचे असेल, तर 'आधी थोडे बसवून बघू' असे म्हणता येत नाही. घराचेही तसेच. घराचा नकाशा पाहून मालकाला कळते की स्वयंपाकघर पूर्वेला आहे, आणि एकदा भिंत उभी राहिली की ती हलविणे महाग पडते. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. चाळीस पानी मसुदा वाचून पडद्यावर काय दिसणार आणि छापून काय येणार हे आमच्यासारख्याला उमगत नाही. ते समोर आल्यावरच 'अहो, असे नव्हे' हे शब्द तोंडून निघतात. आणि भिंत इथे मजकुराची असते, ती योग्य काळजी घेतली तर हलविता येते. 'योग्य काळजी' म्हणजे काय ते पुढे येईलच. तेच खरे अवघड आहे.

१९९० नंतरच्या काळात निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या लोकांनी कामाचे लहान तुकडे करून ग्राहकाला वरचेवर दाखविण्याच्या पद्धती बसविल्या. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड या डोंगरातल्या ठिकाणी अशा सतरा जणांनी एकत्र बसून एक छोटे जाहीर निवेदन तयार केले. केंट बेक, मार्टिन फाउलर, अ‍ॅलिस्टर कॉकबर्न, केन श्वाबर, जेफ सदरलँड हे त्यांपैकी काही. या सर्व पद्धतींना मिळून त्यांनी 'अ‍ॅजाइल' म्हणजे चपळ हे नाव दिले. त्या निवेदनाचा आशय असा की रीती आणि साधनांपेक्षा माणसे व त्यांचा संवाद, जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर, कराराच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाचे सहकार्य आणि ठरलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला तोंड देणे, यांना अधिक महत्त्व द्यावे. 'अधिक' या शब्दाकडे लक्ष द्यावे. कागद नको, योजना नको, असे त्यांनी म्हटलेले नाही. 'आम्ही अ‍ॅजाइल आहोत, आम्ही काही लिहून ठेवत नाही' असे सांगणारे लोकही पुष्कळ असतात असे ऐकतो.

म्हणजे अ‍ॅजाइल ही एक पद्धत नसून ते एक कुटुंब आहे. भावंडांचे स्वभाव बरेच वेगळे आहेत. कोणते भावंड काय घट्ट धरते आणि काय सैल सोडते, हे पाहिले की फरक लवकर ध्यानात येतो.

स्क्रम हे सर्वांत प्रसिद्ध. नाव रग्बीच्या खेळातले आहे. हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी १९८६ साली एका लेखात होंडा, कॅनन, फूजी-झेरॉक्स अशा कंपन्यांच्या नव्या उत्पादनांविषयी लिहिताना ही उपमा वापरली होती. काम रिले शर्यतीतल्या काठीसारखे एका विभागाकडून दुसऱ्याकडे न देता, रग्बीतल्या संघासारखे सर्वांनी मिळून पुढे न्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे सदरलँड यांनी १९९३ पासून सॉफ्टवेअरच्या कामात ही कल्पना वापरली आणि १९९५ साली सदरलँड व श्वाबर यांनी ती जाहीरपणे मांडली.

स्क्रम काळ घट्ट धरते. एक महिना किंवा त्याहून कमी मुदतीची फेरी, तिला स्प्रिंट म्हणतात. दोन आठवड्यांची फेरी सर्रास दिसते. फेरीच्या आरंभी यादीतली वरची कामे घ्यायची, रोज पंधरा मिनिटे भेटून अंदाज घ्यायचा, फेरी संपली की चालणारा तुकडा ग्राहकाला दाखवायचा, आणि मग आपापसांत बसून आपण काम कसे केले याची झाडाझडती घ्यायची. काम उरले तरी फेरी लांबवायची नाही. तास संपल्याची घंटा होते तशीच ती संपते, आणि उरलेले काम यादीत परत जाते. यादीचा क्रम लावणारा माणूस एकच असतो, त्याला प्रॉडक्ट ओनर म्हणतात. तो समिती नसतो, एक माणूस असतो. हा नियम वाचताना आम्हाला आपल्या मंडळाच्या काही बैठका आठवल्या.

पण एक गोष्ट स्क्रममध्ये मुळीच सांगितलेली नाही. प्रोग्रॅम लिहायचा कसा, हे ते सांगत नाही. वेळापत्रक आहे, शिकविण्याची रीत नाही. ती एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या दुसऱ्या भावंडाकडे आहे.

हे भावंड जन्मले क्रायस्लर या अमेरिकन मोटार कंपनीच्या पगारपत्रकात. कंपनीचे वेगवेगळे जुने पगारी हिशेब एका नव्या प्रणालीत आणायचे होते. काम अडकले होते. १९९६ साली केंट बेक यांच्या हाती ते आले आणि रॉन जेफ्रीज त्यांच्या जोडीला आले. त्यांनी जे नियम लावले ते आज ऐकायला साधे वाटतात. दोघांनी एकाच संगणकापुढे बसून लिहायचे. प्रोग्रॅमच्या आधी त्याची चाचणी लिहायची, म्हणजे 'अमुक दिले तर तमुक आले पाहिजे' हे आधी ठरवायचे. प्रत्येकाचे लिखाण लगेच सर्वांच्या लिखाणात मिसळायचे आणि दर वेळी सर्व चाचण्या चालवायच्या. आज लागते तेवढेच करायचे, पुढे लागेल म्हणून आज नाही. आणि ग्राहकाचा एक माणूस तुकडीसोबतच बसलेला असला पाहिजे.

वर ज्या 'योग्य काळजी'चा उल्लेख केला ती हीच. बदल स्वस्त असतात असे नाही, ते स्वस्त ठेवावे लागतात. शेकडो चाचण्या एका बटणाने चालत असतील तर शुल्काचा नियम बदलला आणि अंकसूची बिघडली, तर ते पाच मिनिटांत कळते. चाचण्याच नसतील तर ते पालक कार्यालयात येतात तेव्हा कळते. म्हणून नुसत्या स्क्रमच्या फेऱ्या मारणाऱ्या आणि ही काळजी न घेणाऱ्या तुकड्या वर्षभर वेगाने धावतात, आणि मग प्रत्येक बदलाला दुप्पट वेळ लागू लागतो. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी तिघांनी हे वेगवेगळ्या शब्दांत सांगितले.

क्रायस्लरच्या त्या कामाचा शेवटही सांगितला पाहिजे, कारण पुस्तकी उत्साहात तो गाळला जातो. १९९७ मध्ये सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांचा पगार त्या प्रणालीतून निघू लागला. इतरांपर्यंत ती पोहोचण्याआधीच, फेब्रुवारी २००० मध्ये काम थांबविले गेले. चालणारे सॉफ्टवेअर हाती होते, तरीही. त्याआधी ऑक्टोबर १९९९ मध्ये बेक यांचे या पद्धतीवरील पुस्तक निघालेले होते. पद्धत चांगली असली म्हणजे संस्था ते काम शेवटापर्यंत नेईलच, असे नाही.

तिसरे भावंड कानबान. आम्हाला सर्वांत जास्त भावले ते हेच, कारण ते कार्यालयातल्या टेबलावर दिसते.

कानबान हा जपानी शब्द फलक किंवा पाटी या अर्थाचा. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी अशी रीत बसविली की पुढच्या टेबलाला सुटा भाग लागेल तेव्हाच त्याने मागच्या टेबलाकडे चिठ्ठी पाठवायची, आणि चिठ्ठी आल्याशिवाय मागच्याने भाग करायचा नाही. गिऱ्हाईक फळीवरून जेवढे उचलते तेवढेच पुन्हा भरणाऱ्या अमेरिकन सुपरमार्केटवरून ही कल्पना त्यांना सुचली. सॉफ्टवेअरमध्ये ती आणण्याचे श्रेय डेव्हिड अँडरसन यांच्याकडे जाते. आणि त्याची सुरुवात ज्या तुकडीपासून झाली ती आपल्या हैदराबादेत होती!

हकीकत २००४ ची. मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत वापराच्या प्रणालींमध्ये लहानसहान बदल करणारी एक तुकडी हैदराबादेत काम करीत असे. तीन लिहिणारे आणि तीन तपासणारे. व्यवस्थापक ड्रॅगोश दुमित्रिऊ अमेरिकेत. एखादा बदल मागितला की तो हाती पडायला सुमारे पाच महिने लागत, आणि ज्यांची कामे असत ते विभाग वैतागलेले. माणसे आळशी होती का? मुळीच नाही. दुमित्रिऊ आणि अँडरसन यांनी पाहिले तेव्हा दिसले की तुकडीचा तिसरा हिस्सा वेळ तर फक्त अंदाज काढण्यातच जात होता. प्रत्येक नव्या मागणीला किती दिवस लागतील हे लवकर कळवायचा नियम होता. त्यासाठी हातातले काम बाजूला ठेवावे लागे. आणि अंदाज काढलेल्या मागण्यांपैकी कित्येक पुढे कधी केल्याच जात नसत.

त्यांनी अंदाज काढणे बंद केले. एका वेळी हातात किती कामे असावीत याला मर्यादा घातली. एक काम बाहेर पडले की मगच पुढचे आत, आणि ते कोणते हे मागणाऱ्या विभागांनी आपसांत ठरवायचे. नऊ महिन्यांत पाच महिन्यांचे साधारण दोन आठवडे झाले. 'कानबान' हे नाव या रीतीला पुढच्या काही वर्षांत चिकटले.

विद्यार्थ्यांसाठी यामागचे गणित देतो, सोपे आहे. जॉन लिट्ल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम आहे. हातातली सरासरी कामे भागिले रोज पूर्ण होणारी कामे, म्हणजे एका कामाला लागणारे सरासरी दिवस. समजा, मे महिन्यात टी.सी.चे तीस अर्ज अर्धवट अवस्थेत टेबलावर आहेत आणि रोज तीन पूर्ण होतात. प्रत्येकाला दहा दिवस. आता एका वेळी सहाच अर्ज उघडायचे ठरविले, तर उघडलेला अर्ज दोन दिवसांत हातावेगळा होईल. तुम्ही म्हणाल, बाकीचे चोवीस बाहेर रांगेत उभेच आहेत की! हे अगदी खरे, आणि ही शंका नववीच्या एका मुलाने आमच्यापुढे मांडली तेव्हा आम्हाला आनंद झाला. फायदा दुसरीकडे आहे. न उघडलेल्या चोवीसांचा क्रम आपल्याला हवा तेव्हा बदलता येतो. ज्या मुलीला उद्याच दुसऱ्या शहरी प्रवेश घ्यायचा आहे तिचा अर्ज वर घेता येतो. तीस फाइली उघड्या असल्या की प्रत्येक वेळी 'ही कुठवर आली होती' हे शोधण्यात जो वेळ जातो तो वाचतो, आणि मग रोजचे तीन कधी चारही होतात. शिवाय अडते कुठे ते उघडे पडते. सहाही अर्ज ग्रंथालयाच्या शिक्क्यासाठी अडलेले दिसले, तर दोष टी.सी. लिहिणाऱ्याचा नाही हे सर्वांनाच कळते.

तर स्क्रम काळ बांधते, कानबान हातातले काम बांधते आणि एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग लिहिण्याची शिस्त बांधते. नवी वस्तू घडवायची असेल आणि ग्राहक दर दोन-तीन आठवड्यांनी बसून पाहायला तयार असेल, तर स्क्रमची फेरी बरी. दुरुस्त्या आणि तक्रारी केव्हाही येणार असतील तर तिथे फेरी जाचक ठरते. 'तुमचे चुकलेले नाव पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू' असे पालकांना कसे सांगणार? तिथे कानबान. आणि लिहिण्याची शिस्त तर दोन्हीकडे लागणारच. प्रत्यक्षात बऱ्याच तुकड्या यांची सरमिसळ करतात, आणि त्यात काही पाप आहे असे आम्हाला वाटत नाही. आणखीही भावंडे आहेत, कॉकबर्न यांचे क्रिस्टल, सिंगापूरच्या एका बँकेच्या कामातून आलेली एफडीडी. त्यांत शिरत नाही.

एकाचा मात्र उल्लेख विश्वस्तांसाठी मुद्दाम करतो, कारण त्यांच्या पैशाच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे. ब्रिटनमध्ये १९९४ साली डीएसडीएम नावाची पद्धत निघाली. नेहमी आपण काय काय हवे ते ठरवितो, आणि मग पैसा व मुदत वाढत जातात. ही पद्धत ते उलटे करते. पैसा ठरलेला, मुदत ठरलेली, आणि कमीजास्त व्हायचे ते मागण्यांनी. त्यासाठी मागण्या चार गठ्ठ्यांत टाकायच्या. हवेच, असावे, असले तर बरे, आणि या वेळी नको. 'हवेच'च्या गठ्ठ्यात एकूण कामाच्या साठ टक्क्यांहून अधिक भरायचे नाही, म्हणजे अडचण आली तर कापायला जागा राहते. आमच्या चाळीस पानांत सगळेच 'हवेच' होते. बसच्या थांब्यांचा रंगीत नकाशासुद्धा!

यावरून मंडळापुढे ठेवलेला प्रस्ताव असा आहे. वर्षाची रक्कम आजच ठरवावी आणि ती वाढणार नाही. काम तीन-तीन आठवड्यांच्या फेऱ्यांत होईल आणि प्रत्येक फेरीचे पैसे वेगळे. फेरीच्या शेवटी कार्यालयात खरोखर वापरता येईल असा एक तुकडा मिळाला पाहिजे, नुसते पडद्यावरचे चित्र चालणार नाही. कोणत्याही फेरीनंतर 'आता पुरे' म्हणण्याचा अधिकार मंडळाला राहील. तोवर झालेले काम, त्याचा मूळ मजकूर आणि सर्व नोंदी शाळेच्या मालकीच्या राहतील. यात शेवटी नेमके काय काय मिळेल याची हमी नाही, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो. मागच्या वेळी ती हमी सह्यांनिशी होती.

खरा खर्च मात्र या रकमेत दिसत नाही. दर आठवड्याला दोन अर्धे दिवस कार्यालयातल्या बाईंनी काम करणाऱ्यांसोबत बसले पाहिजे, कारण सवलतीचे नियम त्यांनाच माहीत आहेत. आम्ही बसून उपयोग नाही, हे आम्हाला आता कळले आहे. 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याचा अधिकारही त्यांना द्यावा लागेल, दर वेळी आमच्या सहीसाठी थांबणे नको. एप्रिल ते जुलै या काळात त्यांच्या टेबलावर आधीच गर्दी असते. म्हणून त्या चार महिन्यांसाठी कार्यालयात एक अर्धवेळ मदतनीस नेमावा, अशी मागणी प्रस्तावासोबत जोडली आहे. मंडळाने काटकसर करायचीच असेल तर फेऱ्या कमी कराव्यात, पण मदतनीस कापू नये अशी आमची विनंती आहे. ते झाले नाही तर फेऱ्या स्क्रमच्या असोत की आणखी कशाच्या, आम्ही पुन्हा वर्षातून दोनदाच भेटू.

पालकांसाठी एक वेगळी गोष्ट, ती इथेच उरकतो. दोन दिवसांचा वर्ग आणि एक परीक्षा करून 'स्क्रम मास्टर'चे प्रमाणपत्र मिळते, आणि बारावी झालेल्या मुलासाठी ते घ्यावे का असे आम्हाला दोघांनी विचारले. आमचे मत विचाराल तर आता घेऊ नये. ज्याने कधी चार जणांसोबत मिळून एक प्रोग्रॅम पूर्ण केलेला नाही त्याला ते प्रमाणपत्र कुठे टेकवायचे हेच कळणार नाही. त्याऐवजी सुट्टीत दोघांनी मिळून एका संगणकावर काहीतरी लहानसे, उदाहरणार्थ वर्गाच्या ग्रंथपेटीची नोंदवही, लिहून पाहावी. चाचणी आधी, प्रोग्रॅम नंतर. अकरावीच्या दोन मुलींनी हे दिवाळीच्या सुट्टीत केले. उशिरा आलेल्या पुस्तकाचा दंड मोजताना रविवार धरायचा की नाही यावर त्यांचे दोन दिवस गेले. शेवटी त्या ग्रंथपालांना विचारायला आल्या, तेव्हा ग्रंथपालांनाही क्षणभर विचार करावा लागला.

मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे. मंजुरी मिळाल्यास पहिली फेरी टी.सी.ची असेल. तपासणीसाठी आम्ही स्कॉलर रजिस्टरमधून जुन्या नावांची यादी आतापासूनच काढीत आहोत. काळे, केळकर, गोळे, धवळे, पळशीकर. ज्या पालकांच्या पाल्याचे नाव सध्याच्या प्रणालीने चुकीचे छापले असेल त्यांनी त्या कागदाची छायाप्रत शनिवारी दुपारी बारापूर्वी कार्यालयात आणून द्यावी. तीही या यादीत घेतली जाईल.